टाकांमधला बिल्ला

आमच्या देवघरात खंडोबाचे दोन टाक होते. दोन का, हे कुणी कधी विचारलं नाही. एक चांदीच्या पत्र्याचा, पातळ, घासून घासून नाकडोळे गेलेला. दुसरा जाडजूड, तांबूस, वाटोळा, आणि त्याच्या डोक्यावर तुटल्यासारखा एक टेंगूळ. त्यावर घोड्यावर बसलेला पुरुष होता, घोड्याच्या टापेखाली काहीतरी तुडवलेलं होतं. म्हणजे मल्हारी मार्तंड आणि खाली मणिमल्ल. माझ्या चुलतीने, आम्ही तिला नानी म्हणतो, चाळीस वर्षं त्याला हळद वाहिली. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून उजळलं. एकच गोष्ट तिला खटकायची. ती म्हणायची, "देवाच्या अंगावर कपडा दिसंना बघ. घासून गेला असंल."

त्या दसऱ्याला टाक पुसायला मी हाताशी होतो. तांबूस टाक पालथा केला तर पाठीवर दाढीवाला एक साहेब, मान डावीकडे वळवून बसलेला, आणि भोवती इंग्रजी अक्षरं. नानीला हे ठाऊक होतं. तिच्या मते ती सोनाराची खूण होती.

हा साहेब म्हणजे राजा पंचम जॉर्ज, हे मला लगेच ओळखू आलं त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका पदकात हात पोळून घेतला होता. आधी ते सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सहल घेऊन वेरूळला गेलो होतो. परतताना छत्रपती संभाजीनगरला जुनी नाणी विकणाऱ्या एकाकडे थांबलो. त्याने मखमलीच्या डबीतून चांदीसारखं दिसणारं पदक काढलं. वर पट्टी, पट्टीवर आसईचं नाव. आसई म्हणजे आपलीच, मराठवाड्यातली. केळणा आणि जुईच्या संगमाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवलं ती. मी दर वर्षी मुलांना सांगतो की जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव इंग्रजांच्या पलटणींच्या निशाणांवर गेलं. विक्रेता म्हणाला, "इथल्याच एका शिपायाच्या घरातून आलंय, सर." मी ६,००० रुपये मोजले. घासाघीस करून, वर स्वतःवर खूश होऊन.

ते पदक मी लातूरच्या एका निवृत्त सुभेदार मेजरांना दाखवलं. त्यांना पदकं आणि टोपीचे बिल्ले जमवायचा नाद आहे. त्यांनी भिंग लावलं, पट्टी पाहिली आणि विचारलं, "गुरुजी, यावरची अक्षरं मोजली का?"

सहा होती. खऱ्या पदकावर पाच असतात. 'आर्मी ऑफ इंडिया' नावाचं हे पदक १८५१ मध्ये मंजूर झालं, आसईनंतर ४८ वर्षांनी, आणि तोवर जिवंत राहिलेल्यांनाच ते मिळालं. त्या वेळी टांकसाळीने गावाचं नाव ए, एस, एस, वाय, ई असं लिहिलं. माझ्या पट्टीवर 'वाय'च्या आधी आणखी एक 'ए' होता, आजच्या पुस्तकांत असतो तसा. नकली करणाऱ्याने बिचाऱ्याने स्पेलिंग सुधारून दिलं होतं.

बाकीचं मग मीच शोधत गेलो. कडेला भिंग लावल्यावर बारीक उभी रेघ दिसली. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे ओतीव वस्तूवर अशी रेघ राहते. ती घासली तरी कुठे ना कुठे उरते. खरं पदक ठशाखाली दाबून काढलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा सुरीसारख्या उभ्या राहतात. माझ्या पदकावरची राणी तुपात बुडवून काढल्यासारखी गुळगुळीत होती, आणि पार्श्वभूमीवर बारीक बारीक खड्डे. फीत फिकट निळी, रंग बरोबर. पण नकली नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरली तर गणपतीच्या मांडवातल्या रोषणाईसारखी लखलखली. आजकालच्या कृत्रिम धाग्यात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारी रसायनं असतात. एकोणिसाव्या शतकातल्या रेशमात ती कुठून येणार?

तर त्या ६,००० रुपयांच्या शिकवणीमुळे देवघरातला साहेब मला ओळखू आला.

आता घरातली कथा. आमचे पणजोबा धोंडिबा पहिल्या महायुद्धात गेले होते. हैदराबादच्या लान्सरांमध्ये होते, हातात भाला, खाली घोडा. साहेबाने त्यांना चांदीचा बिल्ला दिला. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता तेव्हा आजोबांनी तो अंबाजोगाईच्या सराफ्यात मोडला आणि त्यावर आमच्या घराने चार महिने काढले. ही कथा मी लहानपणापासून ऐकली. अलीकडे माझे चुलते, म्हणजे नाना, त्यात आजच्या इस्रायलमधल्या हैफाची लढाईही घालू लागले होते. मोबाइलवर कुठूनतरी आलं होतं की दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादच्या लान्सराचा आहे. ते खरंच आहे. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या घोडदळांचं ते स्मारक. पण २३ सप्टेंबर १९१८ ला हैफावर धाव घेतली ती जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी; हैदराबादची तुकडी त्याच ब्रिगेडमध्ये असली तरी त्या धावेत नव्हती. (आसई आणि हैफा, दोन्ही लढाया २३ सप्टेंबरच्या. याचा अर्थ काही नाही, पण माझ्यासारख्या मास्तरला असं काही सापडलं की चैन पडत नाही.) हे मी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू व्हतास का तिथं?"

टाक घेऊन मी पुन्हा शहरात गेलो, दुसऱ्या एका जाणकाराकडे. त्याने पाच सेकंद पाहिलं. "ब्रिटिश वॉर मेडल. १९१४ ते १८ चं. पण हे चांदीचं असतं. तांब्याचं म्हणजे नक्कल. फीत अडकवायची दांडीपण नाही. दोनशे देतो, ठेवून जा."

नक्कल असेल तर दोनशे तरी कशाला देतोस, हा प्रश्न मला बसस्टँडवर आल्यावर सुचला.

पदक सुभेदार साहेबांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते आधी काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "घासता का याला?" मी चिंच आणि राख सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. कितीही काळं पडलं तरी जुनं पदक घासायचं नसतं. वरचा काळसर थर म्हणजे त्याचं वय. घासलं की वयही जातं आणि नक्षीही. पण मग एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मला फार आवडली. घासून झिजलेलं पदक आणि ओतीव नक्कल, दोन्ही गुळगुळीतच दिसतात. फरक खोलगट जागी असतो. हात फक्त उंचवट्यांवर फिरतो. म्हणून झिजलेल्या खऱ्या पदकावर स्वाराचं नाक, घोड्याची मांडी, राजाचा गाल सपाट होतात. पण घोड्याच्या पायांमधल्या खाचा, अक्षरांच्या आतल्या कडा टोकदारच राहतात. ओतीव नकलेत खाचाही बुजलेल्या असतात. भिंगातून मी पाहिलं. स्वाराचं तोंड नानीने चाळीस वर्षांत पुसून टाकलं होतं. पण टापेखालची ढाल, त्यावरचा गरुड, शेजारची कवटी आणि हाडं, सगळं काल ठोकल्यासारखं. तो स्वार म्हणजे संत जॉर्ज. विल्यम मॅकमिलन नावाच्या शिल्पकाराने त्याला मुळातच उघडा काढला होता. कपडा घासून गेला नव्हता, हे नानीला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

"आणि तांब्याचं?" मी विचारलं.

"काश्याचं म्हणा. असतं तसंही."

हे पदक सैनिकांना चांदीचं दिलं गेलं. पण कामगार पलटणींतले लोक, आणि सैन्याबरोबर गेलेले पण सैनिक न गणलेले नोकर यांच्यासाठी तेच पदक काश्यात काढलं होतं. चिनी, माल्टाचे, आपले. सगळी मिळून सुमारे १,१०,००० काश्याची पदकं निघाली. चांदीची लाखो लाख असल्याने विक्रेत्याच्या डोळ्याला चांदीची सवय असते, म्हणून काश्याचं दिसलं की त्याला नकली वाटतं. किंवा तो तसं म्हणतो.

म्हणजे पदक खरं असेल तर पणजोबा लान्सर नव्हते. माझ्या लक्षात हे आलं तेव्हा मी, खरं सांगतो, पदक नकली निघालं तर बरं असा विचार केला.

कड वाचल्याशिवाय काही कळणार नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या या पदकाच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव ठोकलेलं असतं: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आमच्या कडेवर हळद, कुंकू आणि चिंचेचा चोथा यांचं वर्षानुवर्षांचं सिमेंट होतं. ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, दोन दिवस भिजवून बांबूच्या काडीने हळूहळू काढलं. सुई, ब्रश, लिंबू, सगळं बंद. मग पातळ कागद कडेभोवती गुंडाळून त्यावरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. डोळ्याला न दिसणारी अक्षरं कागदावर उमटली.

नंबर आला. त्यापुढे चार अक्षरांचा एक शब्द: एस, वाय, सी, ई. हे कुणाचं तरी आडनाव असावं असं मला वाटलं. मग धोंडी. मग 'एस. अँड टी.', आणि शेवटी कोर.

"एसटी?" मी मोठ्याने म्हणालो. एसटी तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

सुभेदार साहेब हसले नाहीत. "सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोर. दाणागोटा आणि खेचरं. १९२३ नंतर इंडियन आर्मी सर्व्हिस कोर झाली. आणि तो शब्द सईस आहे, गुरुजी. इंग्रज तसंच लिहायचे."

सईस. घोड्यांना दाणा घालणारा, खरारा करणारा, लीद काढणारा. घोडा होता तर, फक्त पणजोबा त्याच्या पाठीवर नव्हते.

तरी नाव नंतर कुणी ठोकलं असेल, ही शंका उरतेच. स्वस्तातल्या पदकावरचं नाव कानशीने घासून दुसरं, किमती नाव घालतात. तसं केलं की कड पातळ होते आणि व्यास घटतो. व्हर्निअर कॅलिपरने मी सहा ठिकाणी मापलं. या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. आमचं पाच ठिकाणी ३६ आणि एका ठिकाणी केसभर कमी, तेही टेंगळाच्या बाजूला, जिथे नानीचा अंगठा बसतो. ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि खोली सारखी असते. हाताने कोरलेल्या अक्षराला व्ही आकाराची खाच आणि शेवटी हत्यार उचलल्याची शेपटी असते. आमची अक्षरं ठोकलेली होती. आणि मुळात सईसाचं नाव खोटं ठोकून कुणाला काय मिळणार? नकली करणारा व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचं नाव घालेल.

धातू तपासायला अंबाजोगाईत ओळखीच्या सराफाकडे गेलो. तो कसोटीचा दगड काढायला लागला. मी त्याचा हात धरला. दगडावर घासलं की पदकावर कायमचा ओरखडा पडतो. त्याऐवजी आर्किमिडीज. सोन्याच्या काट्यावर पदक २६.४ ग्रॅम भरलं. मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडतं धरलं, तेव्हा २३.४. फरक ३. भागाकार ८.८. म्हणजे कासं. मी आठवीला हा प्रयोग दर वर्षी दगडाच्या खड्यावर करून दाखवतो आणि मुलं जांभया देतात. जाता जाता आसईचं पदकही टांगलं. ३४ ग्रॅम, पाण्यात ३०. भागाकार साडेआठ. पदकांच्या चांदीचा १०.३ यायला हवा. पितळेवर मुलामा. सराफ म्हणाला, "गुरुजी, ह्याला आम्ही हात बी लावला नसता."

पदक खरं, धातू खरा, नाव खरं. पण हा धोंडी आमचाच कशावरून? कडेवर बापाचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. आपल्याकडे एका यात्रेत उभं राहून "ए धोंडी" म्हटलं तर पन्नास जण मागे वळतील. लढाईचं नावही या पदकावर नसतं. लढायांच्या पट्ट्या द्यायचं ठरत होतं, पण खर्च पाहून ते रद्द झालं. युद्धात मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या नोंदीत सापडतात. पणजोबा घरी, खाटेवर गेले. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या वह्यांमध्ये ३,२०,००० सैनिकांची नोंद आहे, पण ती पंजाबची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या साहेबांनी मला चहा पाजला आणि प्रेमाने सांगितलं की निजामाच्या काळातल्या सईसाची फाइल त्यांच्याकडे नसते.

मग माळवदावरची लोखंडी पेटी काढली. तळाशी लाल फडक्यात एक फीत निघाली: मध्ये नारिंगी, दोन्ही अंगांना पांढरी, काळी आणि कडेला निळी. हीच या पदकाची फीत. तिला खाली एक आडवी दांडी अजून लटकत होती, आणि दांडीचं बूड तुटलेलं. मी फीत टॉर्चखाली धरली, तर ती चमकली! आसईच्या फितीइतकी नाही, पण चमकली. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सुभेदार साहेबांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "कुणी धुतली होती का?"

नानीने धुतली होती. "कळकट झालती. पावडर टाकून भिजू घातली एक दिस." पावडरीतली चकाकी जुन्या कापडातही उतरते. टॉर्चची परीक्षा म्हणून एकटीवर विसंबायची नसते, हे मला नानीने शिकवलं.

दांडीचं तुटलेलं बूड मी पदकाच्या टेंगळावर ठेवलं. भाकरीचे दोन तुकडे जुळावेत तसं बसलं. पदक आणि पेटी एकाच घरची.

पेटीत उर्दूत लिहिलेला एक कागद होता. अंबाजोगाईच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचला. जमिनीसंबंधीचा अर्ज. अर्जदार: धोंडी वल्द राणू, साबिक सईस. वल्द म्हणजे मुलगा, साबिक म्हणजे माजी. राणू हे आमच्या खापरपणजोबांचं नाव. ते वंशावळीत आहे. तारीख बहमन महिन्यातली, सन १३३१ फसली. "५९० मिळवा," सर म्हणाले, "१९२१. बहमन म्हणजे डिसेंबरच्या आसपास." निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा, हे आमच्याकडे जमिनीचे जुने कागद काढणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सरांनी कागद परत देताना विचारलं, "सईस? आपल्या मोमिनाबादच्या छावणीतले का?" अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद, १९०३ पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. घोडदळ गेलं तरी घोड्यांचं काम येणारी माणसं आसपासच्या गावांत राहिली असणार. हा माझा अंदाज, कागदात तसं नाही.

नानांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे इंग्रजांनी लिहिताना चूक केली."

शेवटचा उपाय म्हणून परळीला आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीला टेकलीय, कानाने कमी. मी मोठ्याने ओरडून विचारलं, पणजोबा लान्सर होते का?

"सईसच व्हते की ते," आत्या म्हणाली. "खेचराच्या लाथेनं गुडघा गेलता. बसऱ्याला. लान्सर तुझ्या आजानं केलं त्येला."

"आणि चांदीचा बिल्ला? दुष्काळात मोडलेला?"

आत्या हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, सुनेने पाणी दिलं. "सोनारानं घेतलाच न्हाई. तांब्याचा हाय म्हणून हातावर टाकला. मी संगं व्हते. तुझ्या आजानं बस्टँडवर दांडी उपटून बघितली, आत तरी चांदी हाय का म्हणून. मग घरी कुणाला सांगायचं? मोडला म्हणून सांगितलं. आन् देवात ठिवला."

"मग चार महिने घर कशावर चाललं?"

"मी खडी फोडायला जात व्हते की. रोजगार हमीवर."

ही गोष्ट आमच्या घरात कुणी सांगितली नव्हती.

त्यानंतर शहरातल्या त्या जाणकाराचा फोन आला. परदेशात एक गिऱ्हाईक आहे, काश्याची पदकं गोळा करतो, आठ हजार देईल. दोनशेचे आठ हजार झाले होते. मी त्याला सांगितलं की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही. तो म्हणाला, "बिल्ला आहे हो, मूर्ती नाही." मी फोन ठेवला.

पदक आता सुती पिशवीत, पिशवी प्लास्टिकच्या डबीत, ओल शोषणारी पुडी आत, दांडी आणि फीत वेगळी. कडेच्या छापाचा कागद आणि उर्दू अर्जाची नक्कल बरोबर. दांडी डाखायची नाही. तुटलेली आहे म्हणूनच ती पुरावा आहे. आसईचं पदक मी शाळेत नेतो. मुलांच्या हातात देतो आणि चूक शोधायला सांगतो. स्पेलिंगची चूक अजून कुणाला सापडली नाही, पण कडेची रेघ एका मुलीने नखानेच ओळखली.

नानीचा प्रश्न मात्र राहिला. दसरा आला तेव्हा तिने विचारलं, देवघरातला एक टाक कमी झाला, आता त्या जागी काय ठेवायचं? मी डबी आणून ठेवली आणि हळद फक्त झाकणावर वाहायची असं बजावलं. तिने झाकणावर बोट टेकवलं, मग डबी उचलून कानाशी हलवून पाहिली.

"पायातला गुडघा दुखायचा म्हणं त्येंचा," ती म्हणाली आणि डबी थोडी कडेला, भिंतीला टेकवून ठेवली.